विष नसतानाही मासे का मरतात?

प्रश्न : उन्हाळ्यात उजनी जलाशयाचे पाणी हिरवे होते आणि कधी पहाटे मेलेले मासे काठाला लागतात. पाण्यात कोणी विष कालवले नसतानाही असे का घडते? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : अशा मृत्यूंमागे बहुधा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची कमतरता असते. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांमधून पुणे-पिंपरी परिसरातील सांडपाणी भीमेत येते आणि त्यातील फॉस्फरस व नायट्रोजन, शेतातून वाहून आलेल्या खतांसह, उजनीच्या संथ पाण्यात साठून शेवाळाचे खाद्य बनतात. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र ते स्वतःच तो वापरते, शिवाय मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणूही तो संपवत राहतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. त्यात उष्णतेची भर पडते : २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात.

कॅनडात १९७३ साली एका तलावाचे पडद्याने दोन भाग करून दोन्हींत कार्बन व नायट्रोजन घातले, पण फॉस्फरस एकाच भागात. दाट हिरवे झाले ते त्याच भागातले पाणी. त्यामुळे याच खाद्यावर पाण्यावर तरंगत वाढणारी जलपर्णी नुसती उपसत राहणे मला अपुरे वाटते. सांडपाण्यातील फॉस्फरस नदीत पोहोचण्याआधीच काढला पाहिजे, आणि तळच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळत असल्याने त्यानंतरही सुधारणा दिसायला काही वर्षे लागतील.