भात वाटीत, उसळ ताटात

कॅनडातल्या मिसिसागाहून एका सूनबाईंचं लांबलचक पत्र आलंय. साताऱ्याच्या सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना तिकडे दीर्घकाळ राहता येतं त्या व्हिसावर, त्यांच्याकडे राहायला आल्यात. वय ६८, मधुमेह बारा वर्षांचा, आणि तिथल्या पहिल्याच तपासणीत एचबीए१सी ८.४ निघालं. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरीच चढलेली. त्या लिहितात:

"मावशी, आईंसाठी नैसर्गिक, साध्या पाककृती सांगा. नोकरी सांभाळून मी रोज त्यांचा वेगळा स्वयंपाक करते. दुधी उकडून मीठ-मिरपूड घालून देते. आमचं नेहमीचं वेगळं. तरी शुगर हलत नाही. परवा त्यांच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला. मला रडूच आलं."

पुढे गूळ, कारल्याचा रस, संकष्टी, नणंदबाई, नवरा, मुलं असं सगळं आहे. त्याकडे येते. आधी त्या दुधीबद्दल बोलू द्या.

अहो, उकडलेला दुधी? साताऱ्याच्या बाईला? जिने चाळीस वर्षं पाट्यावर खर्डा वाटला, तिच्यापुढे मीठ-मिरपुडीचा दुधी, आणि त्याच टेबलावर तुमच्या ताटात बटाट्याची भाजी, वरणभात, तूप. तुमचे कष्ट मला दिसतात. ऑफिसातून येऊन दोन-दोन स्वयंपाक करणं म्हणजे काय असतं ते मी भोगलंय. पण रागावू नका, बिस्किटांचा पुडा उशीखाली गेला तो या वेगळ्या ताटामुळेच. वेगळं वाढलेलं माणूस पंगतीतून उठवल्यासारखं होतं. मग ते चोरून खातं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २००६ साली माझे सासरे, नाना, कोल्हापूरहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये स्लाउला आले होते. मी अगदी तुमच्यासारखीच. नानांची वेगळी छोटी ताटली, वाफवलेली ब्रोकोली, कोरडी पोळी. एक शब्द बोलायचे नाहीत. महिन्याभराने त्यांचा लोकरीचा कोट धुवायला द्यायचा म्हणून खिसे तपासले, तर आत मराठी वर्तमानपत्राच्या कागदात गुळाचा खडा. रेडिएटरजवळच्या खुंटीला कोट असायचा, त्यामुळे गूळ विरघळून अस्तराला चिकटलेला. नखाने खरवडून काढला मी तो. नाना खाली मान घालून म्हणाले, "साखर नाही खाल्ली हो मी, गूळच आहे." कोल्हापूरच्या माणसाला गूळ म्हणजे साखर वाटतच नाही. पण मला लाज वाटली ती माझ्या ताटलीची. त्या दिवशी ती ताटली कपाटात गेली, ती परत निघाली नाही.

त्याच आठवड्यात इथल्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक चित्र दाखवलं. तुम्हालाही तिकडे दाखवलंच असेल. नऊ इंची ताटली, अर्धी भाज्यांनी भरलेली, पाव भागात प्रथिनं, पाव भागात धान्य किंवा बटाटा. चित्रात मटार, मासा आणि उकडलेले बटाटे. नानांनी चष्मा वर करून विचारलं, "यात पोळी कुठं ठेवायची?" त्या गोड हसल्या, पण उत्तर काही मिळालं नाही.

उत्तर नानांनीच काढलं. गावच्या लग्नांत त्यांनी वाढप्याचं काम केलेलं, पान कसं मांडायचं ते त्यांना हातचं ठाऊक. घरी आल्यावर स्टीलचं ताट घेऊन बसले. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मधे भाताची मूद आणि पोळ्या, हे आपलं पान. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे भात वाटीत घालायचा आणि उसळ ताटात. एवढंच ना?"

एवढंच. गेली वीस वर्षं मी हेच सांगत आलेय, आणि आज तुम्हालाही पाककृतीच्या आधी हेच सांगणार. आपण भाजीला 'तोंडी लावणं' म्हणतो. त्या एका शब्दात आपली सगळी चूक आहे. पोट भरायचं पोळी-भाताने, आणि चव यावी म्हणून चमचाभर भाजी, बोटभर चटणी. शेतात राबणाऱ्या माणसाला ते ठीक होतं. मिसिसागाच्या हीटर लावलेल्या घरात दिवसभर बसणाऱ्या मधुमेही बाईला नाही. तिच्या ताटात भाजीने आणि उसळीने पोट भरायचं, आणि पोळी हे तोंडी लावणं.

तुमच्या आईंचा दिवस तुम्ही लिहिलात: सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि थोडा भात, चारला चहा-बिस्किटं, रात्री "पचायला हलकी" मुगाची खिचडी. आता यातून दुधी बाजूला ठेवा आणि बघा. सकाळी तांदूळ, दुपारी गहू आणि तांदूळ, चारला मैदा, रात्री परत तांदूळ. खिचडीतली डाळ मूठभर. चारचा चहा-बिस्किटं सोडली तर गोड काहीच नाही, तरी शुगर हलत नाही ती म्हणून. ३० ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात २० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स (कर्बोदकं, ज्यांची पोटात साखर होते) असतात, आणि वाटीभर शिजलेल्या भातात त्याच्या दुप्पट. दुधी बिचारा निर्दोष आहे. तुम्ही भाजी बेचव केलीत आणि धान्य तसंच ठेवलंत.

"भाकरी चालेल ना, ती तर नैसर्गिक?" असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण एकच, आणि तीही लहान. ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅमला ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतातच, आणि हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या वर गेली. माझ्या आईने शेवटपर्यंत ऐकलं नाही. पोळी सोडली म्हणून दोन भाकऱ्या खायची, आणि शुगर वाढली की मीटरला नावं ठेवायची.

आता पाककृती. एकच सांगते, पण नीट सांगते, कारण ती जमली की आठवडा निघतो.

मटकीची उसळ. इंडियन स्टोअरमध्ये मटकी 'मोठ' नावाने मिळते. एक वाटी मटकी निवडून, धुऊन रात्री भिजत घाला. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या पंचात घट्ट बांधा. आपल्याकडे मे महिन्यात हाताएवढे मोड येतात, तुमच्याकडे जानेवारीत दोन दिवस बघत बसाल आणि वास यायला लागेल. म्हणून गाठोडं चाळणीत ठेवा, चाळणी ओव्हनमध्ये. ओव्हन सुरू करायचा नाही, नुसता आतला दिवा लावायचा. त्या दिव्याची ऊब पुरते. दिवा एलईडी असेल तर मात्र तो तापत नाही, मग शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं झाकून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. दिवसभरात मोड येतात. वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात.

दोन चमचे तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. त्यावर बारीक कांदा, तो गुलाबी झाला की मोड आलेली मटकी. परतून घ्या, भांड्यावर खोलगट झाकण ठेवा आणि झाकणात पाणी घाला. वरचं ते गरम झालेलं पाणीच लागेल तसं आत ओतायचं. कुकरला लावू नका, गिचका होतो. पंधरा मिनिटांत दाणा दोन बोटांत दाबला की दबतो पण अख्खा राहतो, तेव्हा मीठ, तिखट, दीड चमचा गोडा मसाला आणि तीन-चार आमसुलं. चिंच-गूळ नाही. पहिल्या दिवशी गुळावाचून चुकल्यासारखं वाटेल, म्हणून वरून ओलं खोबरं आणि भरपूर कोथिंबीर. आईंना खर्डा आवडतो म्हणता ना, तर द्या, त्यात साखर नाही. फक्त मीठ बेताचं.

मटकीतही कार्ब्स आहेत, पण सोबत चोथा आणि प्रथिनं असल्याने साखर सावकाश चढते. ही उसळ ताटाच्या मधोमध, दीड वाटी. एका बाजूला काकडी-टोमॅटो-गाजराची दही घातलेली कोशिंबीर. दुसऱ्या बाजूला फोडणीची कोणतीही पालेभाजी, पालक आणि मेथी तर तिकडे फ्रोझनमध्येही मिळते. एक फुलका. भात हवाच असला तर फुलक्याऐवजी, छोट्या वाटीत अर्धा. आणि आधी कोशिंबीर-उसळ खायची, फुलका मागून. आपल्याकडे पानावर पहिला वरणभात येतो, तो क्रमही उलटा करा. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर जेवणानंतरची साखर कमी उसळी घेते.

आणि हेच ताट सगळ्यांचं. तुमचं, नवऱ्याचं, मुलांचं. मुलांना पोळी दोन जास्त द्या, पण भांडं एकच. तुमचा एक स्वयंपाक वाचेल. नानांनी त्या वेळी ब्रोकोलीलाही मोहरी-लसणीची फोडणी द्यायला लावली आणि पीठ पेरून केली तशी खाल्ली. चार महिन्यांनी परत जाताना डॉक्टरांनी वाढवायची ठरवलेली गोळी वाढवावी लागली नाही. शेवटच्या दिवशी पानावर बसून म्हणाले, "आता जेवल्यासारखं वाटतंय बघ."

एक गोष्ट मात्र आधी करायची, ताट बदलण्याच्याही आधी. आईंच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही एकदम तीन पोळ्यांवरून एकीवर आलात, तर साखर खाली घसरू शकते. डोस बदलायचा का ते तेच ठरवतील. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि मीटरवर तिकडच्या मापात ४ च्या खाली (पुण्याच्या मापात ७२ च्या खाली) आकडा, हे दिसलं की तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट अँब्युलन्स. आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर उसळी किती खायच्या तेही डॉक्टरांना विचारा.

तुमच्या नणंदबाई पुण्याहून म्हणतात, "आईची शुगर ९.२ कशी असेल, मीटर बिघडलाय." मीटर ठीक आहे. कॅनडात आणि आमच्याकडे इंग्लंडमध्ये वेगळ्या मापात मोजतात. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणा, की पुण्याचा आकडा येतो. ९.२ म्हणजे १६६ च्या आसपास. त्यांना हे शांतपणे कळवा, भांडू नका.

बाकीचं भराभर सांगते.

गूळ, मध, खजूर: नैसर्गिक आहेत, पण साखरच. ऊसही नैसर्गिकच असतो. चहा हळूहळू बिनसाखरेचा करा, आठवड्याला पाव चमचा कमी.

कारल्याचा रस: कारलं भाजी म्हणून जरूर खा, काचऱ्या करून. रसाचे पेले गोळ्यांच्या बरोबरीने स्वतःच्या मनाने नको.

संकष्टी: गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं धोक्याचं, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आईंना सांगा, गणपती रागावत नाही. माझ्या आईला हे आमच्या गुरुजींनी सांगितलं तेव्हाच पटलं, माझ्या सांगण्याने नाही. साताऱ्याच्या गुरुजींना फोन लावून द्या.

चारची बिस्किटं: मूठभर भाजलेले दाणे किंवा फुटाणे, डब्यात, टेबलावर, सगळ्यांसमोर. उशीखालच्या पुड्याचा विषय काढूच नका. तुम्हाला सापडला हे त्यांना माहीत आहे.

नवरा: दोन पानं लिहिलीत त्यांच्यावर. मटकी भिजत घालणं आणि जेवणानंतर आईला पंधरा मिनिटं शतपावलीला नेणं, एवढी दोन कामं त्यांची. बर्फ असेल तेव्हा मॉलमध्ये. आई त्यांची आहे.

मुलं उसळ खात नाहीत म्हणता, तर आजीला त्यांच्या शेजारी बसवा आणि तिला तिच्या हाताने कोथिंबीर पेरू द्या.

आणि मटकी ओव्हनमध्ये ठेवलीत की ओव्हनच्या दारावर कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात: 'आत मटकी आहे, सुरू करू नका.' मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. आमच्याकडे मुलाने पिझ्झासाठी ओव्हन तापवला होता, पंचासकट सगळं गेलं.