सात सुपर बोल मोजले की झालं?

प्रश्न : माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्यामुळे मला तिकडच्या फुटबॉलचा नाद लागला. सर्वांत मोठा क्वार्टरबॅक (पास देऊन संघाची चाल चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडीच, असं तो त्याने जिंकलेले सात सुपर बोल, म्हणजे तिकडच्या हंगामाचे अंतिम सामने, मोजून सांगतो. सर, हा क्रम असा लावता येतो का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : बाळा, २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत थेट १९९ व्या क्रमांकावर घेतलेला पोरगा सातपर्यंत पोचला, याचं मलाही फार कौतुक आहे. पण विजेतेपदंच मोजायची तर जुन्या काळच्या क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमचं काय करशील? दहा हंगाम खेळला, दहाही वेळा अंतिम सामन्यात, सात विजेतेपदं. सुपर बोल तेव्हा नव्हताच. पहिला झाला जानेवारी १९६७ मध्ये.

मायामी संघाचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो याच्यासाठी माझा जीव तुटतो. १९८४ च्या हंगामात पास देऊन ५,०८४ यार्डांची मजल आणि ४८ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास. तोवर कुणालाच जमलं नव्हतं. अंतिम सामन्यात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता जो मोंटाना. मायामी ३८-१६ अशी हरली आणि मरिनोला पुन्हा सुपर बोल खेळायला मिळाला नाही. त्याचेही दोन पास विरोधकांनी पकडले, हे खरं. पण समोरच्या संघाची चाल चालू असताना क्वार्टरबॅक मैदानाबाहेर असतो. ते ३८ गुण त्याने अडवायचे कसे?

शिवाय नियम बदलतात. मी जालन्याकडे मातीवर कबड्डी खेळलो, पुढे पोरांना शिकवली. आमच्या चढाईला घड्याळ नव्हतं. दम तुटला की चढाई संपली. आता तीस सेकंद, मॅट, पायात बूट. आमच्या गावचा चढाईपटू मॅटवर कसा खेळला असता, यावर पारावर अजून वाद होतो. तिकडे १९७८ पासून पास झेलणाऱ्याला पाच यार्डांपुढे अडवायला बंदी आली आणि पास देणं सोपं झालं. क्वार्टरबॅक जॉनी युनायटसने सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिले ते त्याच्या कितीतरी आधी, १९५६ ते १९६० मध्ये. तो विक्रम मोडायला २०१२ उजाडलं!

म्हणून मी १९७८ च्या आधीचे आणि नंतरचे वेगळे धरतो. आधीच्यांत माझ्यासाठी युनायटस पहिला. नंतरच्यांत ब्रेडी, पण मोंटानाला दुसरा लिहिताना हात अडखळतो. आतेभावाला विचार : ब्रेडी दहा सुपर बोल खेळून तीन हरला, मोंटाना चारच खेळला, चारही जिंकला आणि त्या चारांत त्याचा एकही पास विरोधकांच्या हाती गेला नाही. यातलं वजनदार कोणतं? तो काय म्हणतो ते मला नक्की कळव.