कूझा म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : माझ्या भाच्याला रोमानियातल्या याश शहरात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाचं नाव 'अलेक्झांड्रू योआन कूझा'. शोधायला गेलो तर त्याच नावाची पोलीस अकादमी निघाली, शाळा निघाल्या, एक बाग निघाली आणि दोन-चार गावंही. आता घरात सगळ्यांना शंका, की हे प्रकरण खरं आहे ना? — एक मामा, सांगली

उत्तर : मामा, विद्यापीठ अगदी खरं आहे. रोमानियातलं पहिलं आधुनिक विद्यापीठ तेच. २६ ऑक्टोबर १८६० रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि ज्याच्या कारकिर्दीत झालं तो हा कूझा, तिथला त्या वेळचा राजा. प्रवेशाचं पत्र मात्र विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ताडून घ्या. मधल्या एजंटाच्या शब्दावर विसंबू नका, हे माझं सगळ्याच पालकांना सांगणं असतं.

तुम्हाला सापडलेल्या बाकीच्या संस्थांचा या विद्यापीठाशी काही संबंध नाही. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या नावाचं विद्यापीठ कोल्हापुरात आणि रेल्वे स्थानक मुंबईत, तसंच ते. पोलीस अकादमी बुखारेस्टची. त्याच्या नावाच्या शाळा गलात्स, फोकशानि, प्लोयेश्त अशा बऱ्याच शहरांत आहेत. बागही बुखारेस्टचीच, शहराच्या पूर्वेकडे, मोठं तळं आणि मारामुरेश पद्धतीचं लाकडी चर्च असलेली. पाटीवर कूझाचं नाव असलं तरी तिला 'इओर' म्हणणारेच जास्त, कारण शेजारी त्या आद्याक्षरांचा भिंगं आणि दुर्बिणी बनवणारा सरकारी कारखाना होता. याशमध्ये उलट. तिथे 'कूझाला शिकतो' एवढं म्हटलं की पुरतं.

यजमानांच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं गलात्सला राहिलो. २००१ मध्ये तो कारखाना लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने घेतला, त्यानंतर भारतातून बरीच कुटुंबं तिकडे गेली. त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

प्रश्न : कूझाने जेमतेम सात वर्षं राज्य केलं आणि त्याला हाकलून दिलं, असं वाचलं. मग गावोगाव त्याचं नाव कशासाठी? — निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, वाचलंत ते बरोबर आहे. १८५९ सालापर्यंत रोमानिया असा एक देश नव्हता; मोल्दाविया आणि वालाकिया ही दोन वेगळी संस्थानं होती, दोन्ही तुर्की सुलतानाच्या अधिसत्तेखाली. क्रिमियाच्या युद्धानंतर युरोपातल्या बड्या सत्तांनी ठरवलं, की दोघांनी आपापला राजा निवडावा. दोन राजे, दोन राजधान्या. दोघांनी मिळून एकच निवडू नये, असं मात्र कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मोल्दावियाने जुन्या पंचांगाप्रमाणे ५ जानेवारीला कूझाला निवडलं आणि २४ जानेवारीला वालाकियानेही त्यालाच. झालं एकीकरण! बड्या सत्ता कपाळाला हात लावून बसल्या. २४ जानेवारी हा आता तिथला सुट्टीचा दिवस आहे.

पण राजा होण्याआधीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आमच्या गलात्सची. कूझा तिथे 'पर्कलाब' होता, म्हणजे साधारण आपला जिल्हाधिकारी. १८५७ मध्ये एकीकरणाच्या प्रश्नावर निवडणूक झाली आणि वरून हुकूम सुटले : याद्यांतून एकीकरणवाल्यांची नावं उडवा, आपली माणसं निवडून आणा. कूझाने राजीनामा दिला. सरकारी नोकर, पगार चालू, तरी असल्या निवडणुकीत मी हात घालणार नाही म्हणाला. निकाल उघडच खोटा होता. युरोपभर ओरड झाली आणि ती निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यावी लागली. त्याचं गलात्समधलं घर आता संग्रहालय आहे. रस्त्यालाही त्याचंच नाव.

राजा झाल्यावर त्याने आणि मिखाइल कोगल्निचानू या त्याच्या पंतप्रधानाने जे केलं, त्यात नावाचं खरं कारण आहे. देशातली जवळजवळ पाव जमीन मठांच्या ताब्यात होती आणि त्यांतल्या बऱ्याच मठांचं उत्पन्न परदेशातल्या धर्मपीठांकडे जायचं. १८६३ च्या डिसेंबरात ती जमीन सरकारजमा झाली. पुढच्या वर्षी जमीनदाराकडची वेठबिगार कायद्याने बंद झाली आणि चार लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांना जमीन मिळाली. फुकट नाही, हप्त्यांनी फेडायची होती, आणि पुष्कळांच्या वाट्याला आलेला तुकडा पोट भरायला अपुराच होता. हे लपवण्यात अर्थ नाही. १९०७ साली तिथे शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, त्याची मुळं या अपुऱ्या तुकड्यांपर्यंतही जातात. पण कागदावर शेतकऱ्याचं नाव पहिल्यांदा लागलं ते कूझाच्या काळात. १८६४ मध्येच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं आणि बुखारेस्टचं विद्यापीठही निघालं.

जमीनदार चिडले हे सांगायला नकोच. पण उदारमतवादीही चिडले, कारण संसद मोडून कूझाने सत्ता स्वतःच्या हाती घेतली होती. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन गट एकत्र आले. त्या युतीला रोमानियन इतिहासात 'राक्षसी युती' असंच म्हणतात. फेब्रुवारी १८६६ मध्ये काही लष्करी अधिकारी रात्री त्याच्या शयनकक्षात शिरले आणि राजीनाम्यावर सही घेतली. त्याने प्रतिकार केला नाही. पुन्हा मायदेशी राहायला येणं जमलं नाही, १८७३ मध्ये हायडेलबर्गला तो वारला. त्याच्या चुकांनी नव्हे तर मोठ्या कामांनी त्याला खाली खेचलं, असं कोगल्निचानू अंत्यविधीच्या वेळी म्हणाला.

आता राज्य नव्या जर्मन घराण्याचं, कारोल राजाचं. पदच्युत माणसाचं कौतुक दरबाराला कसं परवडणार? याशच्या एकीकरण चौकातला कूझाचा पुतळा उभा राहायला १९१२ साल उजाडलं. इटालियन शिल्पकार राफाएल्लो रोमानेल्लीने तो केला आणि अनावरणाला कारोल राजा स्वतः हजर होता. तोवर नाव जिवंत ठेवलं ते खेड्यांनी, गोष्टी सांगून.

त्यांतली एक मी बाजारात ऐकली. चेरीचा हंगाम होता. शेजारच्या बाई माझ्याबरोबर होत्या, गावाकडच्या, डोक्याला रुमाल. विक्रेत्याने पारड्यात चेरी टाकल्या, काटा स्थिर व्हायच्या आत उचलल्या आणि पिशवीत ओतल्या. बाईंनी पिशवी परत पारड्यात ठेवली आणि नुसतं म्हणाल्या, 'छोटा ओका का?' तो माणूस लालबुंद झाला. मूठभर चेरी वर टाकल्या त्याने. ओका हे जुनं माप, सव्वा किलोच्या आसपास. कूझा वेष पालटून बाजारात जाई, छोट्या ओक्याने मोजणाऱ्या व्यापाऱ्याला पकडे आणि ते माप हातात देऊन गावभर फिरवी, अशी दंतकथा. पुराव्याचं विचारू नका. काटा मारणाऱ्याला ऐकवायला ती आजही चालते.

प्रश्न : रोमानियातला कूझा हा कडवा ज्यूद्वेष्टा होता, असं एका लेखात आढळलं. अशा माणसाचं नाव विद्यापीठाला कसं? — वाचक, पणजी

उत्तर : तो कूझा दुसरा. अ. क. कूझा, जन्म १८५७, मृत्यू १९४७. याशच्याच विद्यापीठात प्राध्यापक होता, त्यामुळे घोटाळा हमखास होतो. विसाव्या शतकातल्या रोमानियन ज्यूद्वेषी राजकारणाच्या बिनीच्या लोकांपैकी तो एक. विद्यापीठाचं नाव त्याच्यावरून नाही. आद्याक्षरं पाहत चला : 'अ. इ.' (योआनचं रोमन आद्याक्षर 'आय') असेल तर राजा. 'कूझा वोदा' लिहिलं असेल तरी राजाच.

प्रश्न : मोल्दोवा या देशातही अलेक्झांड्रू योआन कूझा नावाचं गाव नकाशात दिसतं. सीमेपलीकडे त्याचं नाव कसं? — दहावीची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : छान पाहिलंस गं. ते गाव काहूल जिल्ह्यात आहे, प्रूत नदीच्या पूर्वेला, गलात्सहून फार लांब नाही. रशिया क्रिमियाच्या युद्धात हरला, तेव्हा १८५६ च्या तहात तो दक्षिणेचा पट्टा मोल्दावियाला (ते जुनं संस्थान, आजचा मोल्दोवा देश नव्हे) परत मिळाला. म्हणजे कूझाच्या राज्यात काहूल होतंच. १८७८ मध्ये तो पट्टा पुन्हा रशियाकडे गेला. रोमानियातही याश जिल्ह्यात याच नावाची ग्रामपंचायत आहे आणि तिच्यातल्या एका वाडीचं नाव कोगल्निचेनि. राजा आणि पंतप्रधान, दोघे तिथेही शेजारी.

प्रश्न : त्याच्या राणीबद्दल कुठेच काही सापडत नाही. — गृहिणी, नाशिक

उत्तर : सापडतं ताई, पण 'एलेना दोआम्ना', म्हणजे राणी एलेना, या नावाने शोधावं लागतं. संसार सुखाचा नव्हता. नवऱ्याचे मारिया ओब्रेनोविचशी संबंध होते आणि तिच्यापासून झालेले दोन मुलगे एलेनाने दत्तक घेऊन वाढवले. दोघेही तिच्या डोळ्यांदेखत गेले. १८६२ मध्ये बुखारेस्टला अनाथ मुलींसाठी तिच्या नावाने आश्रम निघाला. विधवा झाल्यावर याशच्या मुलांच्या इस्पितळात तिने शुश्रूषेचं काम केलं. १९०९ मध्ये गेली. नावं देताना लोकांनी तिच्या बाबतीत हात आखडता घेतला, असं माझं मत.

प्रश्न : (पुन्हा सांगलीचे मामा) भाच्याला पोचवायला मीही जाणार आहे. दोन दिवसांत काय पाहू?

उत्तर : पहिला दिवस याशमध्येच. कोपोऊ टेकडीवर विद्यापीठाची १८९७ ची इमारत आहे, तिच्या 'हरवलेल्या पावलांच्या दालनात' साबिन बलाशाची गडद निळी भित्तिचित्रं आहेत, ती चुकवू नका. मग खाली उतरून 'त्रेई इएरार्ह' चर्च. बाहेरची दगडी भिंत पायथ्यापासून वरपर्यंत कोरलेली, हात लावल्याशिवाय राहवत नाही. आत कूझाची कबर. तो आधी रुजिनोआसाला, म्हणजे त्याच्या वाड्याच्या गावी, पुरलेला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाईची आघाडी जवळ आली तेव्हा अवशेष हलवले आणि १९४६ मध्ये इथे आणले. शेजारीच दिमित्रिये कान्तेमिर हा आणखी एक राजा, विद्वान आणि संगीतकार. त्याच्या नावाचं विद्यापीठ बुखारेस्टला आहे, म्हणजे पुढच्या गोंधळाची सोय.

दुसऱ्या दिवशी रुजिनोआसा. पाश्कानीकडे जाणाऱ्या पॅसेंजरने जा, त्याच नावाचं स्टेशन आहे. कूझाने १८६२ मध्ये घेतलेला वाडा तिथे आहे, सजावट एलेनाची. युद्धात त्याची पार दुर्दशा झाली होती, आताचा पुन्हा बांधून काढलेला. तिकडची संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, तेवढं बघून तिकीट काढा.