हॅम्बुर्गला येताय? भाजीपाल्याचं थोडं सविस्तर

ऑगस्टमध्ये नाशिकहून हॅम्बुर्गला येताय, घरात शाकाहार, मुलगा सहा वर्षांचा. भाजी मिळेल का आणि सोबत काय आणू, असं विचारलंत. मिळते हो. मुख्य स्टेशनाजवळ श्टाइनडाम रस्त्यावर तुर्की, अफगाणी, भारतीय दुकानं आहेत. कोथिंबिरीच्या दणदणीत जुड्या, वांगी, भेंडी सगळं दिसेल. पण भेंडी महाग. तिचाच हट्ट धरलात तर चार दिवस बटाटा आणि डाळ. इथल्या आपल्या बऱ्याच घरांत हेच होतं, आणि त्याला टंचाई कारण नाही, रोज थोडी भाजी घ्यायची सवय कारण आहे. नाशकात कामावरून येताना कोपऱ्यावर पाव किलो गवार घेता येते. इथे रविवारी दुकानं बंद आणि डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. मग बाहेर पडायचा कंटाळा. शनिवारीच आठवड्याची भाजी भरा. पालेभाजी आधी संपवा. कोबी, गाजर, नवलकोल टिकतात.

इथली माणसं ऋतू बघून खातात, तेवढं मात्र उचलण्यासारखं. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या श्पार्गेलचं, म्हणजे अस्पॅरॅगसचं, वेड असतं. (मला तो बेचव लागतो.) थंडीत ग्र्यूनकोल येते, कुरळ्या पानांची, कोबीच्या कुळातली. हॉटेलात ती डुकराच्या चरबीत, सॉसेजबरोबर शिजवतात, म्हणून बाहेर मागवू नका. घरी लसूण-मिरचीची फोडणी देऊन, मुगाची डाळ घालून करा. फक्त शिजायला वेळ द्या. सफरचंदांसाठी एल्बे नदीकाठचा आल्टेस लांड हा बागांचा भाग जवळच आहे. सप्टेंबरात काही बागांत स्वतः तोडून घेता येतात. इझेमार्क्टचा बाजार मंगळवारी-शुक्रवारी, तोही दुपारपर्यंतच, म्हणजे नोकरदारांची पंचाईत.

मुलाची काळजी नको. शाळेच्या डब्यात इथे पावाबरोबर काकडी, गाजर, सफरचंदाचे काप असतात, आणि पोरं एकमेकांचं बघून खातात. घरी गाजराला नाक मुरडणारी आमची लेक शाळेत कच्चं खायला लागली. खरी अडचण मोठ्यांची. कच्ची भाजी म्हणजे जेवण हे आपल्याला पटत नाही, आणि रात्री थंड पाव-चीज खाणाऱ्यांच्या देशात रोज दोन भाज्या रांधायला वेळ उरत नाही. भाजीच्या वड्या, थालीपीठ, पिठलं यांत पाला घालायची सवय लावा.

सामानात आंबे, कढीपत्ता, मिरच्या आणू नका. डिसेंबर २०१९ पासून अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर वगळता ताजी फळं-भाज्या युरोपीय संघात आणायला कीडरोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. तूप, पेढेही चालत नाहीत. आमसुलं, कसुरी मेथी, गोडा मसाला भरपूर आणा.

आणि राहायला आलात की क्लाइनगार्टनसाठी, म्हणजे भाड्याच्या बागेच्या तुकड्यासाठी, नाव नोंदवा. कायद्याने तो ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, आणि साधारण तिसरा हिस्सा फळं-भाज्यांसाठी ठेवावा लागतो. मेथी, कोथिंबीर उन्हाळ्यात छान येते. रांग लांब असते, उशीर करू नका.