ते दीड पान परत घाल

अगं पोरी,

जयंत नारळीकर सर गेले तेव्हा तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. आणि काल तुझी गोष्ट आली. लोकल परळ सोडते, दादर येतच नाही, कारण लेडीज डब्यातला वेळ बाहेरच्यापेक्षा हळू चालतोय. इथपर्यंत झकास. पण तो का हळू चालतो याचं दीड पान तू काढून टाकलंस, कारण ग्रुपमधले म्हणाले बोअर होतंय. आणि वर मलाच विचारतेस, काका, आता सर नाहीत, असलं मराठीत कोण वाचणार, सरळ इमोशनल करून टाकू का?

नको करूस. विज्ञान काढल्यावरही गोष्ट तशीच उभी राहत असेल तर ती विज्ञानकथा नाही.

सरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' परत वाच. इतिहासाचा प्राध्यापक पुण्याहून निघतो आणि भलत्याच मुंबईत उतरतो, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, मग टाउन हॉलच्या लायब्ररीत बसून शोधतो की फाटा फुटला कुठे, तर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाला चाटून गेली, बस एवढंच. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. सर थांबले नाहीत, ते इलेक्ट्रॉनपर्यंत गेले: गोळी कुठे जाणार हे सांगता येतं, इलेक्ट्रॉनचं तसं सांगता येत नाही, शक्यता अनेक, आणि प्रत्येक शक्यतेचं जग वेगळं. तेवढा भाग काढ, उरतं काय? पंतांना पडलेलं स्वप्न.

आणि 'आता सर नाहीत' म्हणजे काय गं? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून, अक्षरही त्यांच्या पत्नी मंगलाताईंचं. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, पण परीक्षकांना नाव कळायला नको. पहिलं बक्षीस गोष्टीला मिळालं, नावाला नाही.

तुझ्या फोनमधला मॅप बघ. जीपीएसच्या उपग्रहांवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथली घड्याळं रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगामुळे ७ मागे पडतात, म्हणजे ३८ पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक, दादरला उभी असशील आणि मॅप घाटकोपर दाखवेल. हे बोअर आहे? बोअर वाटत असेल तर नीट लिही ना, चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईच्या तोंडी घाल, पण काढू नकोस.

मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. एका मासिकाने माझी गोष्ट घेतली होती, अट एकच, तेवढं सायन्स कमी करा. मी नाही केलं. गोष्ट छापली नाही, नंतरही त्यांनी माझं काही घेतलं नाही, आणि ऑफिसातून येऊन रात्री लिहिणाऱ्या माणसाला दुसरं दार कुठलं. अजून वाईट वाटतं. पण तेव्हा काढलं असतं तर आज तुला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? मी बरोबरच होतो.

रविवारी दुपारी ये, घरीच आहे. ते दीड पान परत घालून आण. डब्यातला वेळ इतका हळू करायला गुरुत्वाकर्षण केवढं लागेल, त्यात तो डबा टिकेल का, आतल्या बायका टिकतील का, याचा तू काही विचारच केलेला दिसत नाही. वही आण, बसून गणित करू.

काका