मी पहिल्या वर्षाला आहे. सी लँग्वेज शिकायला टर्बो सी टाकू की व्हीएस कोड? व्हीएस कोडमध्ये ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ असा एरर येतोय.

टर्बो सी टाकू नकोस. (पहिल्या वर्षाला आहेस असं लिहिलंयस, म्हणून अरेतुरे करतोय.)

२०१२ साली मी डिप्लोमाला होतो. लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा जुना कंपायलर: निळा स्क्रीन, कंट्रोल-एफ९ दाबलं की रन. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र आतेभावाने विंडोजऐवजी उबुंटू टाकून दिलेलं, त्यात जीसीसी हा दुसरा कंपायलर. सगळे प्रोग्रॅम मी घरी करायचो आणि लॅबमध्ये आलो की वर स्क्रीन पुसायला लागणाऱ्या कोनिओ आणि क्लिअरस्क्रीनच्या ओळी चिकटवायचो. त्या घरी चालायच्या नाहीत, आणि लॅबमध्ये नसल्या की सर चिडायचे.

प्रॅक्टिकलला चिठ्ठी निघाली फॅक्टोरियलची, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतचा गुणाकार. मनातल्या मनात उडीच मारली. ५ टाकलं, १२० आलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ८ टाक. उत्तर आलं उणे २५२१६.

“फॅक्टोरियल ऋण येतो होय रे?”

“सर, घरी ४०३२० येतं.”

“मग घरच्या कॉम्प्युटरलाच परीक्षेला बसवायचं ना!”

सगळी लॅब हसली. आमचे सर शेजारीच उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “जर्नलमध्ये आहे तसा का नाही लिहिलास?” जर्नलमध्ये हुबेहूब तोच प्रोग्रॅम होता, फक्त ५ च्या पुढे कुणी कधी गेलंच नव्हतं! ‘लॉजिक चुकलंय’ असा शेरा मिळाला आणि मार्क गेले.

लॉजिक चुकलं नव्हतं. टर्बो सी डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या सिस्टिमच्या काळातला, १६-बिटचा. त्यात इंट (पूर्णांक ठेवायची जागा) दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. ४०३२० मधून ६५५३६ वजा कर, उणे २५२१६ च येतात. जीसीसीमध्ये इंट चार बाइटचा. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, म्हणून आता टर्बो सी डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवतात. तीस वर्षांपूर्वीचा कंपायलर व्हेंटिलेटरवर ठेवून पोरांना शिकवायचा हट्ट कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता तुझा एरर. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे, त्याच्याबरोबर कंपायलर येत नाही. विंडोजवर जीसीसी मिळवून देणारं एमसिस२ टाक, त्याच्या यूसीआरटी६४ विंडोतून जीसीसी उतरव, आणि सी ड्राइव्हवरच्या एमसिस६४ फोल्डरात यूसीआरटी६४, त्याच्या आतला बिन, हा पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम कुठे शोधतं त्या यादीत घाल. मग व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघड. आधीपासून उघड्या टर्मिनलला नवा पाथ कळत नाही, निम्मी पोरं इथेच अडकतात. बाकी एक्स्टेन्शन, थीम, डिबगरची सेटिंग सध्या राहू दे. सेटअपमध्ये आठवडा घालवून एकही प्रोग्रॅम न लिहिलेले लोक मी पाहिलेत.

हां, एक राहिलं. तुमची प्रॅक्टिकल टर्बोवरच होणार असेल तर परीक्षेआधी दोन दिवस त्याच्यावर बस, गत्यंतर नाही. पहिल्यांदा साइझऑफ इंट छापून बघ, म्हणजे इंट किती बाइटचा ते कळेल. मोठ्या आकड्यांना इंटऐवजी लाँग वापर आणि प्रिंटएफमध्ये पर्सेंट-एलडी लिही.

आणि खरं सांगायचं तर ‘घरी बरोबर येतं’ हा माझा माजही पुढे उतरला. १३ टाकून बघितलं तेव्हा जीसीसीनेही १९३२०५३५०४ असं दणदणीत चुकीचं उत्तर दिलं. चार बाइटही १२ पर्यंतच पुरतात.

पण परीक्षकांनी ८ विचारला होता.