पांढऱ्या टेकडीचं गाव

प्रिय,

सीरियातल्या तल अब्याद गावावरचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण त्यात लढाई आहे, गाव नाही.

आधी हाताने २०१५ चा नकाशा काढ. उत्तरेला तुर्कस्तानची सीमा, पलीकडे अक्चाकाले. पश्चिमेला कोबानी, पूर्वेला जझीरा, दोन्हीकडे कुर्दांची सत्ता. मधोमध इसिसच्या ताब्यातलं हे सीमेवरचं गाव. दक्षिणेला रक्का, इसिसची राजधानी. तिची रसद इथूनच जायची. म्हणून वायपीजी हे कुर्द दल आणि सोबतचे अरब गट दोन्ही बाजूंनी चालून आले, वरून अमेरिकेच्या आघाडीची विमानं. १५-१६ जून २०१५ ला गाव हाती आलं, रक्क्याची ती वाट तुटली. एवढं तू नीट मांडलंस.

आता नाव बघ. अरबीत तल अब्याद, कुर्दीत गिरे स्पी. दोन्हींचा अर्थ पांढरी टेकडी. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात. ते आठवलं आणि मी वाचता वाचता थांबलो. त्या एका पांढरीवर अरब, कुर्द, तुर्कमेन, आर्मेनियन राहत होते. २०१३ मध्ये जिहादी गटांनी तिथल्या कुर्दांना हुसकावलं. २०१५ च्या जूनमध्ये लढाई जवळ आली तशी सुमारे २३ हजार माणसं तुर्कस्तानात गेली. ती तुझ्या मसुद्यात कुठेच नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने उत्तर सीरियात वायपीजीने घरं पाडली, लोकांना हुसकावलं, असा अहवाल दिला. वायपीजीने तो फेटाळला. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाला, अरब म्हणून कुणाला लक्ष्य केल्याचा पुरावा मिळाला नाही. हे सगळं शेजारीशेजारी लिही, सोयीचं तेवढं उचलू नकोस.

इसिसने कोबानीला घातलेल्या वेढ्यात लढलेल्या कुर्द मुलींबद्दल मला अपार आदर आहे. इसिसच्या हातून गाव सुटणं ही खरीच सुटका होती, त्यात मला शंका नाही. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्तानने आणि त्याच्या साथीदार गटांनी तल अब्याद घेतलं, आणि कुर्दांना पुन्हा घरं सोडावी लागली. तुझा मसुदा गावावर झेंडा चढतो तिथेच संपतो. तिथून पुढची चार वर्षं लिही आणि मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.